दारातून बाहेर आलेलं टेबल

बातमी ऑफिसच्या फोनवर आली. दुपारची पाळी नुकतीच सुरू झाली होती, पहिल्या पानाची बैठक अजून व्हायची होती. ऑपरेटर म्हणाली, कुणीतरी योहान म्हणून आहेत, मराठीत बोलतायत. योहानअण्णा फोनवर नेहमी ओरडून बोलतात. तारेवर त्यांचा विश्वास नाही, आवाज आपणच पलीकडे पोचवायला हवा अशी त्यांची समजूत आहे. त्या दिवशी मात्र ते हळू बोलत होते. 'शांता गेला,' ते म्हणाले. मी सवयीनं विचारलं, कधी, कुठे, कशानं. पलीकडे एसटीडी बूथमधला रेडिओ ऐकू येत होता. 'सकाळी. घरीच. छातीत आलं... ते सगळं नंतर विचार, पेपरवाली. आधी ये.'

शांतवन मोहिते यांच्या निधनाचं वृत्त कुठल्याही वर्तमानपत्रात आलं नाही, आमच्याही नाही. यायचं कारण नव्हतं. बेंगळुरूच्या पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत ते लाकडी साचे घडवत. लोखंड ज्या आकारात ओतायचं, तो आकार आधी लाकडात उभा करायचा, हे त्यांचं काम. आणि हुणसेपाळ्य नावाच्या वस्तीतल्या एका लहानशा चर्चचे ते 'वडील', म्हणजे लोकांनी निवडलेले कारभारी, होते. साठी नुकतीच ओलांडलेली, मूलबाळ नाही, मागे पत्नी रूथ. वृत्ताच्या भाषेत हे चार ओळींत बसतं. त्या चार ओळींत जे बसत नाही ते काही आठवडे मनात घोळत राहिलं, म्हणून हा लेख.

बेंगळुरूहून तुमकूरच्या रस्त्याला लागलं की यशवंतपूर मागे पडतं, मग पीण्याच्या शेड सुरू होतात आणि बराच वेळ संपतच नाहीत. त्या संपल्यावर डावीकडे एक कच्चा रस्ता वळतो. नव्वद सालाच्या सुमारास मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नाचणी होती आणि नाचणीच्या मधेच कुठेतरी पत्र्याची एखादी नवी शेड. कारखान्यांनी वेढल्या जाणाऱ्या गावांबद्दल लिहायला मला पाठवलं होतं. मी पुण्याहून येऊन वर्षही झालं नव्हतं, चामराजपेटेत खोली घेऊन राहत होते, आणि माझं कन्नड रिक्षावाल्यांना हसू येण्याइतपत होतं. कडेला सायकल टेकवून उभ्या असलेल्या एका माणसाला मी त्या कन्नडमध्ये रस्ता विचारला. त्याच्या कानामागे पेन्सिल होती आणि शर्टाला लाकडाच्या पॉलिशचा वास. त्यानं माझं सगळं वाक्य शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'मराठीत विचार की. एवढे कष्ट कशाला घेतेस?'

हे शांतवनअण्णा. त्यांचे आजोबा आणि योहान पवारांचे आजोबा मिरजेजवळच्या एकाच गावातून, मिशनच्या एका बांधकामावर म्हणून इकडे आले, आणि बांधकाम संपल्यावर परत गेले नाहीत. त्यांच्याबरोबर आलेल्या घरांनी इथे थोडी जमीन केली, दगडी भिंतींचं एक कौलारू देऊळ बांधलं. चर्चला ते लोक देऊळच म्हणत. त्याला मनोरा नाही. घंटा बाहेरच्या चिंचेला टांगलेली. आत भिंतीवर चित्र नाही, मूर्ती नाही, मेणबत्ती नाही. वेदी असते तिथे एक लांब लाकडी टेबल. पुढे आसपासची कन्नड घरंही मंडळीत आली, म्हणून एक गीत मराठीत आणि एक कन्नडमध्ये अशी उपासना चाले, आणि सगळेच दोन्ही गीतं म्हणत. सोमवार ते शनिवार कुणी शेतात, कुणी पीण्यात. रविवारी मात्र मळणी नाही, ओव्हरटाइम नाही. रोज स्वयंपाकाला बसताना प्रत्येक घरातली बाई मूठभर धान्य एका वेगळ्या डब्यात टाकणार, आणि ते रविवारी देवळात आणणार. त्यातून कुणाचं आजारपण निभावलं, कुणाच्या मुलीची शाळा.

'प्रेस्बिटेरियन' म्हणजे काय, हे मी त्यांना पहिल्याच भेटीत विचारलं होतं. बातमीत शब्द वापरायचा तर अर्थ माहीत हवा. ते म्हणाले, 'वडिलांची मंडळी. आपल्यातनंच माणसं निवडायची, हात वर करून. त्यांनी मंडळी बघायची. पाळक असतो, पण तो आमच्या डोक्यावर नसतो, शेजारी बसतो.' योहानअण्णा तिथेच होते. ते म्हणाले, 'म्हणून आमच्यात कुठलीच गोष्ट लवकर होत नाही, ते पण लिही.'

हे खरं होतं. घंटेची दोरी बदलायची तरी सभा व्हायची. पाळक शहरातून एक रविवार सोडून स्कूटरवर येत, कारण त्यांच्याकडे आणखी मंडळ्या होत्या. एरवी सगळं दोन वडिलांवर. शांतवनअण्णा सुतारीतले, योहानअण्णा गवंडी. दोघं एकत्र शाळेत गेले, एकत्र नापास झाले, एकाच वर्षी लग्नं केली. एकमेकांबद्दल चांगलं बोलताना मी त्यांना क्वचितच ऐकलं. शांतवनअण्णांच्या घरातल्या सगळ्या फळ्या, स्टुलं, खिडक्या किंचित मोठ्या होत्या, आणि याचा योहानअण्णांना मोठा आनंद होता. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साचे बनवणाऱ्यांची मोजपट्टीच मुळात थोडी वाढीव असते. ती पट्टी शांतवनअण्णांच्या खिशात असे, आणि घरच्या कामालाही तीच निघे. 'ह्याच्या घरात फडताळ बसत नाही, मांजर बसतं,' योहानअण्णा सांगत, 'कारण मांजर ह्यानं केलेलं नाही.'

त्या मंडळीची एक रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. प्रभुभोजनाचा विधी, म्हणजे एकत्र बसून भाकर मोडून खाणं आणि द्राक्षरस पिणं, त्यांच्याकडे वर्षातून मोजक्या वेळीच व्हायचा, आणि सगळी मंडळी त्या लांब टेबलाभोवती बसून तो करायची. आदल्या शनिवारी वडील घरोघर जायचे. दारात उभं राहून एकच प्रश्न विचारायचा : 'कोणाशी अबोला आहे का?' एका जरी घरातून 'आहे' असं उत्तर आलं, तर टेबल मांडायचं नाही. मिटल्याशिवाय नाही. मी पाहिलेल्या वर्षांत एकदा एका बकरीनं शेजारच्या अवऱ्याच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा खाल्ल्या म्हणून सगळ्या मंडळीचं प्रभुभोजन पुढे गेलं होतं. बकरीच्या मालकिणीनं शेवटी शेंगांच्या बदल्यात शेजारणीला दूध चालू केलं, आणि पुढच्या रविवारी दोघी टेबलाशी शेजारी शेजारी बसल्या, तोंडं विरुद्ध दिशांना करून, पण बसल्या.

घरं वाटून घेतलेली होती. देवळाच्या वरची आळी शांतवनअण्णांकडे, खालची योहानअण्णांकडे. शांतवनअण्णा स्वतः राहत खालच्या आळीत आणि योहानअण्णा वरच्या. आजोबांच्या पिढीनं हे मुद्दाम तसं ठेवलं होतं. वडिलांना स्वतःच्या घराची चौकशी स्वतः करता येऊ नये म्हणून. ही व्यवस्था इतकी चोख होती की तिच्यात एक वर्ष सगळी मंडळी अडकून पडली.

झालं असं. पीण्यात ओरिसा आणि छोटा नागपूरकडची मुलं मोठ्या संख्येनं कामाला यायला लागली होती. त्यातली बरीच ख्रिस्ती. सुशील नावाचा एक तरुण शांतवनअण्णांच्या फाउंड्रीत होता. ते त्याला एका रविवारी घेऊन आले, त्यानं पुढच्या रविवारी मित्र आणले, त्या मित्रांनी आणखी. बाकांवर ती मावली. टेबलाभोवती मावणं शक्य नव्हतं. टेबल आणखी लांब करावं तर दोन्हीकडे भिंत. उपासनेनंतर सभा भरली. मी त्या दिवशी मागच्या बाकावर होते. मी त्यांच्यातली नव्हते, पण मला कुणी जा म्हणायचं नाही.

योहानअण्णा उभे राहिले आणि म्हणाले, यात अवघड काही नाही, दोन पंगती करू. आधी गावातले बसतील, मग शेडवाले. शांतवनअण्णांनी विचारलं, 'दुसरी पंगत त्यांचीच का?' 'उशिरा आले म्हणून. त्यात काय एवढं?' सुशीलला मराठी कळत नव्हतं, पण आपल्याबद्दल चाललंय हे कळत होतं. तो उठून म्हणाला, 'अण्णा, हमको खड़े रहने में भी कोई तकलीफ़ नहीं है.' त्यानं ते अगदी मनापासून म्हटलं. शांतवनअण्णांचा चेहरा बदलला. ते योहानअण्णांकडे वळले आणि सगळ्या मंडळीसमोर विचारलं, 'तुझा आजोबा गावाकडं कितव्या पंगतीला बसायचा, योहान?'

योहानअण्णा हळू आवाजात म्हणाले, 'माझ्या आजोबाला पंगतच नव्हती. अंगणाच्या बाहेर वाढायचे. तुझ्या आजोबाला पण.' मग त्यांनी टोपी घेतली. दारात थांबून म्हणाले, 'हे मला चौघांत विचारायची काही गरज नव्हती, मोहिते.' आयुष्यभर 'शांता' म्हणणाऱ्या माणसानं त्या दिवशी 'मोहिते' म्हटलं.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी मी शांतवनअण्णांच्या घरी होते. रूथअक्का भाकरीसाठी कणीक चाळत होत्या. विधीची भाकर वर्षानुवर्षं त्यांच्याच चुलीवर भाजली जायची. संध्याकाळी योहानअण्णा इस्त्रीचा शर्ट घालून दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

'मोहित्यांच्या घरात सगळं क्षेम?'

'क्षेम,' शांतवनअण्णा म्हणाले.

'कोणाशी अबोला आहे का?'

'आहे.'

'कोणाशी?'

'वडील योहान पवार यांच्याशी.'

'बरं. आणखी कोणाशी?'

'नाही. एवढा एक पुरे आहे.'

'रूथबाई, तुमचं?'

'मला तुम्हा दोघांशीही बोलायचं नाही,' रूथअक्का चाळण न थांबवता म्हणाल्या. 'चहा घेणार?'

'चहा नको. चौकशीला आलोय.'

तासाभरानं शांतवनअण्णा तोंड धुऊन, धुतलेला शर्ट घालून वरच्या आळीत गेले, योहानअण्णांच्या दारात उभे राहिले आणि हेच सगळं उलट बाजूनं पार पाडून आले. अबोल्याची चौकशी करण्यासाठी आपण एकमेकांशी बोलतो आहोत, हे दोघांच्याही ध्यानात आलेलं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी टेबल मांडलं गेलं नाही. रूथअक्कांनी ती कणीक मळून सोमवारी चपात्या केल्या.

असं एकदा झालं, मग पुन्हा झालं. ईस्टर तसाच गेला. मंडळी यायची, गीतं म्हणायची, झाकलेल्या टेबलाकडे बघत प्रार्थना करायची आणि घरी जायची. पाळकांनी दोघांनाही समजावून पाहिलं. त्यांना हुकूम देता येत नव्हता. ती तशी मंडळीच नव्हती. जाताना स्कूटरला किक मारत ते मला म्हणाले, 'मी नुसता भाकर मोडणारा. टेबल मांडणारे हे.' सुशील आणि त्याचे मित्र एक-दोन रविवार आले नाहीत. आपल्यामुळे हे झालं असं त्यांना वाटत होतं. शांतवनअण्णा सायकल काढून त्यांच्या खोलीवर गेले आणि त्यांना घेऊन आले. पण योहानअण्णांच्या घरी चौकशीव्यतिरिक्त गेले नाहीत. मुद्दा त्यांचा बरोबर होता, आणि तो बरोबर असल्यामुळेच त्यांना मागे फिरता येत नव्हतं.

त्याच सुमारास त्यांना छातीत पहिली कळ आली. फाउंड्रीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सायकल बंद केली. मी भेटायला गेले तेव्हा ते ओट्यावर बसून पेन्सिलीला टोक काढत होते. 'मरायचं काही नाही गं,' ते म्हणाले. 'ते सगळ्यांनाच आहे. पण असा अबोल्यात गेलो, तर योहान मातीला येईल, खड्डा सरळ खणलाय का तेवढं बघेल आणि घरी जाईल...' ते हसायला लागले, मग हसायचे थांबले. 'त्याला मी ते विचारायला नको होतं. एकटा असताना पण नको होतं.' मी म्हटलं, मग हे त्यांना जाऊन सांगा. 'सांगतो. पण दोन पंगतीला हो म्हणून नाही सांगणार. आणि ते सोडून नुसतं चुकलो म्हटलं, तर तो म्हणणार, मग मान की माझं.'

यातून वाट काढली ती रूथअक्कांनी, आणि ती सुद्धा झाडू मारताना. देऊळ झाडायची त्यांची पाळी होती. धुतलेला एक बाक वाळवायला म्हणून त्यांनी दाराकडे ओढला. निम्मा बाहेर आल्यावर दमून तिथेच त्यावर बसल्या. थोडा वेळ बसल्या, मग घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या, 'टेबल वाढवायचं तर भिंत आडवी येते म्हणता. दाराला कुठं भिंत आहे?' शांतवनअण्णांनी कानामागची पेन्सिल काढली. रूथअक्का चप्पल घालून वरच्या आळीत गेल्या आणि तेच योहानअण्णांना सांगितलं. टेबल दाराच्या दिशेला फिरवायचं, त्याला जोडून दुसरं करायचं, ते दारातून बाहेर काढायचं, चिंचेखालपर्यंत. एकच टेबल, एकच पंगत.

योहानअण्णांनी खूप वेळ विचार केला आणि म्हणाले, 'बाहेर तीन पायऱ्या उतार आहे. बाहेर बसणारे खाली बसतील. मग ती दुसरी पंगतच झाली.' हे मला रूथअक्कांनी नंतर सांगितलं. दोन पंगतींचा ठराव ज्यांनी मांडला होता, त्यांनीच ही हरकत काढली होती. मग ते म्हणाले, 'मी जोतं बांधतो, आतल्या फरशीच्या उंचीचं. त्याला सांगा, पाय आतल्या टेबलाएवढेच कर. जास्त हुशारी नको.'

पुढचे काही आठवडे दोघं कामाला लागले. एक दाराच्या आत, एक बाहेर. योहानअण्णा सुशीलच्या मित्रांना हाताशी घेऊन दगड बसवत होते, शांतवनअण्णा आत लाकूड रंधत होते. निरोप रूथअक्कांमार्फत जात, आणि त्या कधी कधी निरोप घेऊन जायला नकार देत. 'इथनं ऐकू येतंय त्याला. कान आहेत,' त्या म्हणत.

नवं टेबल बाहेर ठेवलं त्या दिवशी मी तिथे होते. दोन्ही टेबलांची पातळी एक आहे का, हे बघायचं होतं. त्याला गवंड्यांची साधी युक्ती असते. पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी, तिच्यात पाणी. एक टोक एकानं धरायचं, दुसरं दुसऱ्यानं. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला उभं राहतं. हे काम एकट्याला होत नाही, आणि मुक्यानंही होत नाही. योहानअण्णा बाहेर उन्हात, शांतवनअण्णा आत अंधारात, मध्ये उंबऱ्यावरून गेलेली नळी. बाहेरून आतलं काही दिसत नव्हतं. योहानअण्णांनी आपल्या बाजूचं पाणी टेबलाच्या कडेला आणलं आणि थांबले. शेवटी त्यांनाच बोलावं लागलं.

'पाणी कुठं आहे?'

'वर,' आतून आवाज आला.

'किती वर?'

'स्वल्प. नखभर.'

म्हणजे बाहेरचं टेबल आतल्यापेक्षा नखभर उंच झालं होतं. योहानअण्णांनी जोत्याकडे पाहिलं, टेबलाच्या पायांकडे पाहिलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

'कारखान्याची पट्टी लावलीस काय रे, शांता?'

आतून उत्तर आलं, 'लावली असेल.'

'लोखंड आहे काय हे? थंड होऊन आकसणार आहे?'

'हसू नको. पाय कापतो नखभर.'

'कापू नको,' योहानअण्णा म्हणाले. 'बाहेरचे नखभर वर असू देत. काय बिघडतंय?'

'नाही. सारखं म्हणजे सारखं. मी आतल्याला पाचर घालतो.' आतून हातोडीचे हलके ठोके ऐकू आले. नळीतलं पाणी थरथरून स्थिर झालं. मग शांतवनअण्णा कन्नडमध्ये म्हणाले, 'सरी', म्हणजे बरोबर. आणि त्याच दमात, 'योहान, तुला मी ते विचारायला नको होतं.' योहानअण्णांनी नळी सोडली नव्हती. 'नळी हलवू नको,' ते म्हणाले. 'मला पण ते बोलायला नको होतं... पंगतीचं.' बाहेर उभ्या असलेल्या सुशीलनं मला विचारलं, 'दीदी, हो गया?' मी म्हटलं, झालं.

तो रविवार मी पाहिला. बायकांनी चादरी जोडून एकच लांब पांढरं कापड शिवलं होतं. ते पाळकांच्या समोरून सुरू होऊन दारातून बाहेर चिंचेखाली संपत होतं. गावातले आणि शेडवाले मिसळून बसले होते. शांतवनअण्णा मुद्दाम बाहेरच्या शेवटच्या टोकाला, सुशीलच्या शेजारी. भाकरीचं ताट आतून निघून हातोहात बाहेर यायला इतका वेळ लागला की आतली मंडळी मान वळवून बघायला लागली. मी भिंतीजवळच्या बाकावर होते. त्या टेबलाशी बसण्याचा माझा अधिकार नव्हता, आणि कुणी तसा प्रश्नही केला नाही. पण विधी संपल्यावर कापड काढून त्याच टेबलावर फोडणीच्या भाताचं चित्रान्न आलं, तेव्हा योहानअण्णांनी मला हात धरून ओढलं. 'ये पेपरवाली. ह्या जेवणाला चौकशी लागत नाही.'

त्यानंतर दर वेळी टेबल तसंच मांडलं गेलं. आणि पाऊसपाण्यानं जोतं थोडं खचायचं, म्हणून दर वेळी आधी नळी धरावी लागायची. बाहेर योहानअण्णा, आत शांतवनअण्णा, पाचरी आणि शिव्या. शांतवनअण्णा निवृत्त झाले, फाउंड्रीनं त्यांना एक घड्याळ दिलं, ते मागे पडायचं. नाचणीची शेतं एकेक करून शेडखाली गेली. सुशीलचं लग्न याच देवळात झालं. रूथअक्कांच्या स्वयंपाकघरात आणखी एक किंचित मोठी फळी आली.

मी पोचले तेव्हा घंटा वाजत होती. देवळाच्या मागे खड्डा खणून झाला होता. योहानअण्णा काठावर उकिडवे बसून त्याच्या बाजू बघत होते. एक कोपरा त्यांनी पुन्हा खणायला लावला. मग उठले, हात झटकले आणि मला म्हणाले, 'सरळ आहे.' घरी मात्र गेले नाहीत. संध्याकाळ होऊन सगळे पांगले तरी ते रूथअक्कांच्या ओट्यावर बसून होते.

प्रभुभोजनाचा रविवार गेल्या आठवड्यात होता. नव्या वडिलांची निवड अजून झालेली नाही, त्यामुळे वरच्या आळीत चौकशीला जायला कुणी नव्हतं. शनिवारी संध्याकाळी मी रूथअक्कांकडे होते. त्यांनी कणीक झाकून ठेवली, धुतलेलं लुगडं नेसल्या आणि मला म्हणाल्या, 'चल जरा.' वरच्या आळीत आम्ही एकेका दारात थांबलो. शेवटचं घर योहानअण्णांचं. ते इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसले होते. येणारं कुणी नाही हे माहीत असून सवयीनं बसले असावेत. रूथअक्कांना बघून उठले.

'तुम्ही वडील कधी झालात?'

'झाले नाही. पण विचारणारं कुणीतरी पाहिजे ना?' मग त्या दारात सरळ उभ्या राहिल्या. 'पवारांच्या घरात सगळं क्षेम?'

'क्षेम.'

'कोणाशी अबोला आहे का?'

योहानअण्णा जमिनीकडे बघत राहिले. 'आहे,' ते म्हणाले.

'कोणाशी?'

'शांताशी. न सांगता गेला.'

रूथअक्कांनी पदर सारखा केला. 'बरं,' त्या म्हणाल्या. 'मग उद्या टेबल मांडायचं नाही?'

योहानअण्णांनी चप्पल शोधली आणि उतारानं देवळाच्या मागे गेले. आम्ही ओट्यावर बसलो. त्यांच्या सुनेनं चहा आणून दिला. चहा निवायच्या आत ते परत आले. गुडघ्यांना लाल माती लागली होती. 'मांडा,' ते म्हणाले.

रविवारी सकाळी मी लवकर गेले. नळी देवळाच्या दारामागे खिळ्याला गुंडाळून टांगलेली असते, तिच्यात तळाला मागच्या वेळचं थोडं पाणी. योहानअण्णांनी ती काढली, भरली, एक टोक उंबऱ्यावरून आत टाकलं आणि बाहेर येऊन आपल्या टोकाशी वाकले. आतलं टोक कुणी धरायचं, हे त्यांनी सांगितलं नाही, आत वळून पाहिलंही नाही. उन्हातून आतलं काही दिसत नाही. मी दाराजवळ होते म्हणून मला दिसलं. रूथअक्कांनी भाकरीचं ताट बाजूला ठेवलं, टोक उचललं आणि टेबलाच्या कडेला लावलं.

'पाणी कुठं आहे?' योहानअण्णांनी विचारलं.

'स्वल्प वर.'

आवाज ऐकून ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, 'पाचर सरकव.'

आत लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज झाला. नळीतलं पाणी थोडं हललं. योहानअण्णा त्याच्यावरची नजर न काढता वाट बघत राहिले.

'सरी,' रूथअक्का म्हणाल्या.